झऱ्याच्या गावाचे गुण

"सौम्या, ऊठ गं, झऱ्यावर रांग लागलीया!" आईची ती पहाटेची हाक सौम्याच्या कानात अजून घागरीसारखी डुचमळते. आता ती बेळगावजवळच्या पिरनवाडीत बसून, एका परदेशी संस्थेसाठी कुठला देश आपलं पाणी नि रान कसं राखतो याला गुण देते; त्या गुणांवर परदेशी मदत ठरते. आज भारताची पाहणी चाळताना दमलेल्या डोळ्यांपुढं तिचंच गाव आलं. नावापुढं नोंद होती: घरोघरी नळाला पाणी!

तिनं फोन लावला. "आई, पाहणीवाल्यांना ही थाप कुणी मारली गं? तू तर अजून झऱ्यालाच जातीस."



"मीच, बाई. ते इचारायला आलं तवा सोप्यात मुलीकडचं पाव्हणं बसलं होतं. बिनपाण्याच्या गावात तुझ्या भावाला पोरगी कुणी दिली असती?"