विंचवाची नांगी

“अहाहा!” मुलगी बघायला शिरवळहून सांगलीला आलेल्या अभ्यंकरांनी भडंगाची बशी हातात धरूनच सोफ्यावरून मान मागे वळवली. “हे आभाळ कुठलं हो?”

“माण तालुक्यातलं. दहिवडीच्या पुढच्या माळावरचं,” अनंतराव घाईघाईनं म्हणाले. “आमच्या मयूरीनं काढलाय फोटो. रात्रभर थंडीत उभी होती.”

फ्रेम त्यांनी आज सकाळीच, पाहुण्यांच्या बरोबर डोक्यावर येईल अशी, स्वतः ठोकली होती. मुलीचे गुण न सांगता दिसावेत, एवढाच हेतू. आजवरच्या स्थळांत पुष्कर हा मयूरीला आवडलेला पहिलाच मुलगा. त्यात त्याचे वडील, म्हणजे हे अभ्यंकर, कारखान्यात मोठे इंजिनिअर. पत्रिका-बित्रिका आम्ही मानत नाही, असं त्यांनी फोनवरच ठणकावलं होतं. अनंतरावांनी त्या दिवशी देवापुढे पेढे ठेवले होते.

“विंचू दिसला का, काका?” मयूरी उठून फोटोपाशी गेली. “ही त्याची नांगी. हे मूळ नक्षत्र.”

“सुरेख! आणि तुझं नक्षत्र कुठलं गं?” अभ्यंकरांनी आपलं सहज विचारलं.

अनंतराव खोकले. पुन्हा खोकले. पण खोटं बोलायचं वळण त्यांनी मुलीला लावलंच नव्हतं.

“हेच.”

भडंग चावल्याचा आवाज थांबला. मूळ नक्षत्रावरची सून सासऱ्याला भोवते, ही बातमी शिरवळलाही पोचलेली होती.

“आम्ही मानत नाहीच,” बशी खाली ठेवत अभ्यंकर म्हणाले. “पण गेल्या वर्षीच माझी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणतात, रिस्क घ्यायची नाही.”

अनंतरावांनी पुष्करकडे पाहिलं. पुष्कर फोटोकडे बघत होता.

चपला घालून झाल्यावर अभ्यंकर दारातून परत फिरले. अनंतरावांच्या जिवात जीव आला.

“तेवढा तो फोटो मिळेल का हो? काय देखणा आहे!”

मयूरीनं फ्रेम उतरवली. भिंतीत नुसता खिळा राहिला. अनंतरावांना ‘नाही’ म्हणायचं होतं. त्यांनी जुना पेपर आणला, सुतळी आणली, आणि पुडकं बांधून गाडीपर्यंत पोचवायलाही तेच गेले.

“कुठं लावणार?” काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं.

“हॉलमध्ये. माझ्या खुर्चीच्या बरोब्बर वर.”

अनंतरावांनी गाडीचं दार हळूच लावलं.

“खिळा तेवढा मजबूत ठोका,” ते म्हणाले.