ठिगळाची पैठणी

भागीबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या आणि गालिच्याच्या कडेकडेनं, भिंतीला धरून, सोफ्यापर्यंत गेल्या. एवढं विणकाम पायाखाली घालायला त्यांचं मन होईना.

तृप्ती हसली. खुशाल पाय द्या, म्हणाली. इराणात कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी हा गालिचा विणला आणि आता गंगापूर रोडवर त्याच्यावर तिचं मांजर झोपतं.

"मांजराचं नशीब," भागीबाई म्हणाल्या. "आमची पोरं गोणपाटावर वाढली."

सून सविता शेजारी अंग चोरून बसली होती. तिनंच सासूला मोबाईलवर तृप्तीच्या प्रदर्शनाचे फोटो दाखवले होते. जुने गालिचे, हिमरू शाली, पटोळी. आणि एक जांभळी नऊवारी पैठणी, पदरावर मोर. ती पाहून भागीबाई जेवणावरून उठल्या होत्या.

तृप्तीनं चहा आणला. तिच्या वडलांनी उभा जन्म हे जमवण्यात घालवला आणि ती आता त्याचा अभ्यास करते, असं तिनं सांगितलं. गालिच्याचं टोक उलटून तिनं खालच्या गाठी दाखवल्या. वय कळायला पाठ बघावी लागते, म्हणाली.

"आम्हीपण पाठ बघूनच घ्यायचो," भागीबाई म्हणाल्या.

सविता काही बोलणार होती. भागीबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला.

मग त्यांनी सरळच विषय काढला. ती जांभळी पैठणी त्यांना हवी होती. मिरवायला नाही, विकायलाही नाही. हवी होती.

तृप्तीचा चेहरा उतरला. त्या पैठणीवर तिच्या वडलांचा सगळ्यात जीव होता. भद्रकालीच्या जुन्या बाजारात जरीतली चांदी वितळवायला नेणाऱ्या माणसाच्या हातातून त्यांनी ती सोडवली होती. शेवटच्या आजारातही त्यांनी ती उशाशी ठेवून घेतली होती.

पण त्यांचं एक सांगणं होतं. आपण राखणदार, मालक नाही. जिची आहे ती दारात आली, तर नाही म्हणायचं नाही.

"पण आजी, ओळख पटायला हवी ना," तृप्ती हळूच म्हणाली. "फोटोत दिसत नाही असं काही सांगाल?"

भागीबाईंनी बशी खाली ठेवली. डोळे मिटले.

"कमरेला खोचायच्या टोकाला, आतून, ठिगळ हाय. दिव्यानं जळलेलं. जांभळा दोरा घरात नव्हता, म्हणून हिरव्यानं शिवलेलं. टाके वेडेवाकडे. शिवणारीचा हात थरथरत असणार."

तृप्ती उठली. कपाटातून मलमलीचं गाठोडं काढून तिनं पैठणी गालिच्यावर उलगडली. खोलीत वाळ्याचा वास पसरला. टोक उलटं केलं. हिरवे टाके तिथंच होते.

भागीबाई खाली बसल्या, गालिच्याची भीड विसरून, आणि त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. वरातीतल्या नव्या नवरीचं ते नेसणं त्यांना जसंच्या तसं आठवत होतं. हातात चुडा, कपाळाला मळवट, आणि साडीच्या ओझ्यानं वाकलेली सतरा-अठरा वर्षांची पोर.

"घराबाहेर कशी गेली ही?" तृप्तीनं विचारलं.

"सासूनं भांडेवालीला देऊन टाकली. सुनेला विचारलं नाही. कुठं डाग नाही, फाटकी नाही, असं सासू छातीठोक सांगत होती. उजेडात धरली तर हे निघालं. सासूला तोवर ठाऊकच नव्हतं. मग भर गल्लीत त्या पोरीला काय काय बोलली, ते सांगवत नाय."

"आणि सून?"

"अनवाणी धावत आली कोपऱ्यापर्यंत. पण झालेला सौदा मोडायचा नाही, ही त्या धंद्याची रीत."

तृप्तीनं डोळे पुसले. आजवर या ठिगळाचा अर्थ लागत नव्हता, म्हणाली. तिनं पैठणीची पुन्हा घडी घातली, ती मलमलीत बांधली, गाठोडं छातीशी धरून क्षणभर उभी राहिली आणि मग भागीबाईंच्या ओंजळीत ठेवलं.

"जिची आहे तिच्याकडे चालली," ती म्हणाली. "बाबांना बरं वाटेल."

"तिच्याकडंच जाईल, बाई," भागीबाई म्हणाल्या. "तुझ्या बापानं राखली, म्हणून जाईल."

जाताना त्या गालिच्याला हात लावून पाया पडल्या. मांजर बाजूला सरकलं.

रिक्षात सविता गाठोड्याकडे बघत राहिली. घरी गेल्यावर आधी देवापुढं ठेवू, म्हणाली. रिक्षावाल्याला भागीबाईंनी जुन्या गावात, तिवंध्याला घ्यायला सांगितलं.

"तिकडं कोण आहे आपलं?" सवितानं विचारलं.

"गप बस."

तिवंध्याच्या उतारावर रिक्षा थांबली. गल्ली तीच होती. नुसते बोर्ड बदलले होते आणि खाली मोबाईल दुरुस्तीची दुकानं झाली होती. भागीबाई एका दुमजली घरासमोर उभ्या राहिल्या. वरच्या गॅलरीत पांढऱ्या केसांची एक म्हातारी वाळवणावरचे कावळे हाकत होती. आशा. सासू गेली, नवरा गेला, तरी तिनं घर सोडलं नव्हतं.

सविता जिन्याकडे वळली. भागीबाईंनी तिला थांबवलं. गाठोडं डोक्यावर घेतलं, एक हात कानावर ठेवला आणि कित्येक वर्षांत दिली नव्हती ती हाळी गल्लीभर घुमवली.

"भांडीऽऽ घ्या भांडीऽऽ, जुन्या कापडावर भांडीऽऽ"

वरची म्हातारी थबकली. कठड्याला दोन्ही हातांनी धरून खाली वाकली.

"भागी," ती म्हणाली, "माझी पैठणी तर तेव्हाच नेलीस. आता काय न्यायला आलीस गं?"