उलव्याचा रिकामा रस्ता

"काका, सोडा ती दोरी. मी बांधतो," गणू म्हणाला.

जुडाहकाकांनी दोरी सोडली. पिकअपच्या हुकात ती तीनदा घालून पाहिली होती आणि तिन्ही वेळा ती बाहेरच गेली होती. "चष्मा जुना झालाय," ते उगाच मोठ्याने म्हणाले, पुढे बसलेल्या बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मिल्काकाकू नाकाला ओढणी लावून बसल्या होत्या. गणूच्या या गाडीतून आठवडाभर मासळी जायची. रविवारी सकाळी मात्र सायकली जायच्या.

गणूने दोन्ही सायकली उलटसुलट तोंडं करून उभ्या केल्या, मध्ये जुनी गोधडी कोंबली आणि जाळ्याच्या दोरीने आवळून टाकल्या. काळी काकांची, चाळीस वर्षं वापरलेली. दुसरी लेडीज सायकल, कळंबोलीहून जुनीच आणलेली. पनवेल मागे पडलं तेव्हा आठ वाजले होते.

एकसष्ट वर्षांच्या बायकोला सायकल शिकवायची आणि तीही एवढ्या लांब नेऊन, हे गणूला पहिल्या दिवशी भलतंच वाटलं होतं. काकांनी त्याला कारण सांगितलं: काकूंच्या गुडघ्यांना व्यायाम हवा आणि पनवेलात ओळखीचे लोक हसतात. उलव्याला रस्ते आधी झालेत, माणसं अजून यायची आहेत. हसायला कुणी नाही.

गुडघ्यांची गोष्ट खोटी होती. काकांच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे निकामी होत चालले होते. वर्षभरात फार तर उजेड तेवढा कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांनी ते घरी सांगितलं नव्हतं. बाजार, औषधं, बँक, सिनेगॉगमधली प्रार्थना, आजवर सगळं त्यांच्या सायकलीवर चालत आलं होतं. काकू कोपऱ्यावरच्या वाण्यापलीकडे कधी एकट्या गेल्या नव्हत्या. दर शुक्रवारी इस्रायलहून मुलाचा, रोनेनचा, फोन यायचा. "बाबा, आता पुरे झालं. या इकडे." डोळ्यांचं कळलं तर तो पहिल्या विमानाने येऊन दोघांना घेऊन जाणार. काकूंना पनवेल सोडायचं नव्हतं. काकांनाही नव्हतं. ती एकटी हिंडाफिरायला लागली तर इथे राहता येईल, नाहीतर नाही.

सहा रविवारांत काकू अकरा वेळा पडल्या. गणूच्या पेटीतला बर्फाचा तुकडा गुडघ्यावर धरून फुटपाथवर बसल्या आणि पुन्हा उठल्या. भाजीवाल्याने एक मिरची कमी घातली तर गल्ली डोक्यावर घेणारी ही बाई. पण आता पुरे, असं तिने एकदाही म्हटलं नाही. काकांना त्याचं नवल वाटायचं. तिच्यावर फार माया दाटून यायची आणि तिला फसवतोय म्हणून लाजही वाटायची.

आज काका सीट धरून मागे धावले. दम लागला तेव्हा सीट सुटली. काकू थांबल्या नाहीत. पिवळा ड्रेस वीस-पंचवीस पावलं दिसला, मग रस्त्यात मिसळून गेला. नुसता चेनचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तोही येईना.

"पडली का रे?" काकांनी घाबरून विचारलं.

"नाय ओ. सरळ चालल्यात काकू," गणू म्हणाला. मग त्याने काकांकडे नीट पाहिलं. "समोरच तर हायेत. तुमाला दिसत नाय?"

"ऊन येतंय डोळ्यांवर."

ऊन त्यांच्या पाठीवर पडलं होतं.

काकू पार पुढच्या चौकापर्यंत जाऊन वळल्या आणि परत आल्या. काकांच्या समोर त्यांनी स्वतः ब्रेक दाबला, पाय टेकला. गणूने शिट्टी वाजवली. काकांचे डोळे भरून आले.

"शिकलीस, मिल्का! आता सगळं पनवेल एकटी फिरशील."

"एकटी कशाला?" काकूंना धाप लागली होती. त्या सायकलवरून उतरल्या नाहीत. काकांच्या मनगटाला धरून त्यांनी त्यांना जवळ ओढलं. "अहो, दोन महिन्यांमागे तुम्ही बाजारातून आलात. दार उघडंच होतं, मी समोर उभी होते. मेझुझा समजून तुम्ही बेलचं बटण दाबलंत आणि बोटं ओठांना लावलीत. वर बेल वाजली तेव्हा मलाच विचारलंत, कोण आलंय म्हणून."

दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, आत प्रार्थना ठेवलेल्या त्या लहानशा डबीला, बोटं लावून ती ओठांना टेकवल्याशिवाय काका जन्मात कधी घरात शिरले नव्हते.

"म्हणजे सायकल आणली त्याच्याही आधीपासून तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. "मग एवढी पडलीस, तरी बोलली का नाहीस?"

"शिकायची होती मला." काकूंनी डोळे पुसले आणि मागच्या कॅरियरवर थाप मारली. "आता डबलसीट शिकवा. बसा मागे."