शास्त्रज्ञाचं काम
महाळुंग्याच्या कंपनीतल्या कामगारांनी नाट्यस्पर्धेसाठी चारशे वर्षांपूर्वीच्या इटलीतलं नाटक बसवलं. पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या शास्त्रज्ञाचं काम गोरक्षला हवं होतं. ते समाधानला मिळालं. गोरक्षच्या वाट्याला खटला चालवणारा धर्मगुरू आला. तरी जळफळत त्याने शास्त्रज्ञाची वाक्यं पाठ केली. प्रयोगात त्याने दरडावलं, "बोल, पृथ्वी फिरते की स्थिर आहे?" समाधान उत्तरच विसरला. त्याने भेदरून गोरक्षकडे पाहिलं. एक शब्द पुटपुटला असता तरी पुरलं असतं. गोरक्षने ओठ घट्ट मिटले. समाधानचे डोळे भरून आले आणि काही न बोलता तो गुडघ्यांवर बसला. प्रेक्षकांना तो अभिनयच वाटला, टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा पडताच समाधानने गोरक्षला मिठी मारली. "वाक्य विसरलेलो, भावा. तू थांबलास म्हणून जमलं." "व्हय," म्हणत गोरक्ष टाळ्या थांबायची वाट बघत राहिला.