गाडी दात वाजवतेय

"ऑइल पुरेसं आहे, पण प्रेशर पडलंय," दस्तगीर मिस्त्री खिडकीशी येऊन मोठ्यानं म्हणाले. "लाल दिवा लागायच्या आधी इंजिनातून टकटक येत होती?"

स्टिअरिंगवर बसलेल्या खोतकाकांनी सवयीनं डावीकडे बघितलं. सीट रिकामी होती.

"मला कमी ऐकू येतं. आवाजाचं सगळं ही सांगायची."

"मग काकूंना फोन लावा की."

"उन्हाळ्यात गेली ती."

 मिस्त्रींनी काकांना बॉनेटपाशी उभं केलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं आणि त्याची मूठ काकांच्या कानामागच्या हाडावर दाबली.

टकटक थेट डोक्यात शिरली. "अहो, गाडी दात वाजवतेय," ती वर्षभर म्हणायची, आणि काका दर वेळी सांगायचे, "तुला भास होतात."

"बेअरिंगचा आवाज आहे. इंजिन बंद करतो, नाहीतर जाम होईल," मिस्त्री म्हणाले.

"राहू दे जरा." काकांनी मूठ स्वतःच्या हातानं घट्ट धरली, डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, "हो गं, वाजवतेय खरी."