कामाच्या वेळेत झोके

सकाळी सहाला साहेब मैदानाच्या फाटकातून आत शिरले, तेव्हा तक्रारीतली बाई खरोखरच झोका घेत होती.

तोही साधासुधा नाही, चांगला उंच. पन्नाशीची, अंगाने भरभक्कम बाई, पालिकेच्या उद्यान खात्याचा खाकी कोट घातलेली, चपला बाजूला काढून ठेवलेली, आणि डोळे गच्च मिटलेले. साखळ्या करकरत होत्या.

साहेबांच्या खिशात कागद होता. 'मुलांच्या मैदानावरील देखभाल कर्मचारी कामाच्या वेळेत झोके घेत बसतात. आम्ही कर भरतो तो यासाठी का?' खाली ठसठशीत सही. बाई रोजंदारीवरची. महिनाअखेर तिची मुदत संपत होती, आणि पुढे ठेवायची की नारळ द्यायचा, हे साहेबांच्या आजच्या अहवालावर ठरणार होतं. येता येता साहेबांनी तो मनात लिहूनही टाकला होता. आता तर बाई रंगेहाथ सापडली होती.

"बाई, खाली उतरा."

"थांबा साहेब, पाच राहिलेत," ती डोळे न उघडताच म्हणाली. "मध्येच सोडलं तर पहिल्यापासून मोजावं लागतं."

खात्यात साहेबांना 'थांबा' म्हणायची कुणाची टाप नव्हती. पण का कोण जाणे, ते थांबले. पाच झोके पुरे झाल्यावर ती उतरली, खिशातून खडू काढून झोक्याच्या खांबावर रेघ मारली आणि पुढच्याकडे निघाली. मैदानात अकरा झोके होते. सातांवर रेघा झाल्या होत्या.

"हे काय चाललंय?"

"तपासणी. साडेसातला पोरं येतात, त्याआधी सगळे व्हायला हवेत." तिने आठव्याची साखळी फडक्याने पुसली. "पोराचं वजन वीस किलो, माझं नव्वद. मला पेलणारा झोका पोरांनाच काय, त्यांच्या आजीलाही पेलतो. घरचे म्हणतात, वजन उतरव. म्हटलं, ते खात्याच्या कामाचं आहे, खात्याला विचारल्याशिवाय उतरवता येत नाही."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. "तपासणी तर दर तीन महिन्यांनी होते. तक्ता भरून."

"ती होते हो. पण ती रंग बघून होते."

एवढं बोलून ती आठव्यावर बसली. तीन आठवड्यांपूर्वी याच मैदानाच्या तक्त्यावर साहेबांनी चहा पिता पिता सही केली होती. अकरा ओळी, आणि अकराही ओळींपुढे 'ठीक'.

आठवा पार पडला. नवव्यावर मात्र तिने चार झोके घेतले आणि पाय टेकले.

"हा लंगडतोय."

साहेबांनी पुढे होऊन पाहिलं. रंग नवा होता, साखळी जाडजूड होती. दोन्ही हातांनी ओढून पाहिली, ती जराही हलली नाही. "काही झालेलं नाही याला," ते म्हणाले. शेवटी इंजिनिअर ते होते.

"बसा तुम्ही."

साहेबांनी आजूबाजूला नजर टाकली. कुणी नव्हतं. बॅग मांडीवर घेऊन ते अवघडून बसले.

"डोळे मिटा. डोळे उघडे असले की माणूस रंगच बघतो."

चाळीस वर्षांनी साहेब झोक्यावर बसले होते. डोळे मिटून त्यांनी पायाने जमीन रेटली. मग हळूहळू अंग सैल झालं, आणि ते जाणवलं. मागे जाताना दर वेळी, डाव्या बाजूला, टाचणी टोचावी एवढा हिसका.

"लागला?"

"लागला," साहेब हलक्या आवाजात म्हणाले.

तिने शिडी आणली, पाना लावला, वरची कडी सोडवली आणि साहेबांच्या तळहातावर ठेवली. बाहेरून चकचकीत होती. आत, जिथे लोखंड लोखंडावर घासतं, तिथे ती झिजून काडीएवढी उरली होती.

साहेबांनी त्या झिजेवरून अंगठा फिरवला. आपल्या 'ठीक'वर आज कुणाचं तरी पोर बसलं असतं. खात्यात त्यांनी पुष्कळ हुशार माणसं पाहिली होती, पण कुणापुढे इतक्या मनापासून हात जोडावेसे वाटले नव्हते. जोडले मात्र नाहीत. घसरगुंडीच्या पायरीवर बसून त्यांनी अहवाल लिहिला आणि तिला वाचून दाखवला.

'तक्रार खरी आहे. सदर कर्मचारी कामाच्या वेळेत रोज अकराही झोके घेतात. त्यांना मुदतवाढ द्यावी. गेल्या तक्त्यातील माझी सही रद्द समजावी.'

"शेवटचं वाक्य खोडा," ती म्हणाली. "उगाच तुमच्यावर यायचं."

"असू दे ते." साहेबांनी खिशातून तक्रारीचा कागद काढून तिच्यापुढे धरला. "मावशी, कुणी लिहिलं ते तुम्हाला कळायला हवं. समोरच्याच इमारतीतले आहेत."

तिने चटकन मान फिरवली. "नको साहेब. घडी घाला आधी त्याची."

"अहो, पण तुमच्या पोटावर पाय देत होता तो माणूस!"

"म्हणूनच नको. त्यांच्या घरचं लेकरू इथेच खेळत असणार. नाव कळलं, तर ते कुठल्या झोक्यावर बसतं ते माझ्या लक्षात राहील." तिने दहाव्याची साखळी पुसायला घेतली. "मीही माणूसच आहे, साहेब. मला ते लक्षात ठेवायचं नाही."