पाचवं नाव

दिग्दर्शकांनी यादीचा कागद ताईंच्या पुढ्यात ठेवला आणि परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे हात गुडघ्यांवर ठेवून बसले.

कागदावर पाच सिनेमे होते. युद्धाचा, कोर्टाचा, भुताचा, दोन बहिणींचा आणि खाणकामगारांचा. महोत्सवात त्यांचे पाचच सिनेमे दाखवणार होते, आणि नावं संध्याकाळपर्यंत कळवायची होती. केले होते एकूण बावीस. एकासारखा दुसरा नाही.

"बावीसच्या बावीस आपण दोघांनीच अक्षर न् अक्षर ऐकलेत, ताई," ते म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला दाखवल्याशिवाय पाठवायची नाही."

नायिका बदलत गेल्या होत्या, पण बावीसही सिनेमांत त्यांचा आवाज ताईंनीच दिला होता. घशाच्या ऑपरेशनला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून ताई पाटीवर लिहूनच बोलायच्या.

त्यांनी यादी दोनदा वाचली. मग पेन घेऊन खाणकामगारांवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : पाहुण्याचा.

दिग्दर्शक हसले. ताई हसल्या नाहीत.

"तो चुकीच्या घरात मुक्काम ठोकतो तो? अहो, पोटासाठी केला होता मी तो. अठरा दिवसांत उरकला. आणि खाणकामगारांना बक्षीस आहे, ताई!"

ताईंनी पाटी मांडीवर घेतली. 'या पाचांत मी नुसती रडलेय.' पुसलं. 'कोर्टाच्या वेळी सलग चार दिवस. भुताच्या वेळी किंचाळून ताप भरला.' तेही पुसलं. मग लिहिलं :

'हसायला तुम्ही एकदाच बोलावलंत.'

दिग्दर्शकांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "तुमचं हसू थांबेचना," ते हळूच म्हणाले. "रेकॉर्डिंगवालासुद्धा पोट धरून खाली बसला होता. शेवटी मी शॉट लांबवला. नायिकेची पाठ होती कॅमेऱ्याकडे, म्हणून निभावलं."

खिशातल्या पेनड्राइव्हवर सगळे सिनेमे होते. त्यांनी तो टीव्हीला लावला आणि नेमका प्रसंग शोधून काढला. घरभर सामान पसरून बसलेला पाहुणा आपण कोण ते सांगतो. नायिका तोंड फिरवते, टेबलाचा आधार घेते.

आणि खोलीत हसू सांडलं. आधी दाबलेलं, मग फुटलेलं, मग श्वास घेण्यापुरतं थांबून पुन्हा उसळलेलं.

स्वयंपाकघरात नळ वाहत होता, तो बंद झाला.

"आई?"

ताईंची मुलगी धावतच बाहेर आली. हात कोपरापर्यंत साबणाचे. "आई, तू आत्ता..." तिने आईकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. दिग्दर्शकांचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला.

"नको, काका. राहू द्या."

हसू ओसरलं. पाहुणा काहीतरी बोलू लागला. दिग्दर्शकांनी चित्र थांबवलं, कागद जवळ ओढला, ताईंनी घाईत खरडलेल्या नावाखाली सुवाच्य अक्षरात पूर्ण नाव लिहिलं आणि घडी घालून खिशात ठेवला.

"काका," मुलगी म्हणाली, "पुन्हा लावता?"

तिने हात ओढणीला पुसले आणि टीव्हीकडे पाठ करून ती आईसमोर जमिनीवर बसली. आईच्या चेहऱ्याकडे बघत.

ताईंनी पाटी बाजूला ठेवली. पाठ ताठ केली, मान जराशी उचलली, पूर्वी माईकपुढे उचलायच्या तशी. मुलीच्या मागे टीव्हीवर पाहुण्याचं वाक्य पुन्हा संपत आलं.

ताईंनी ओठ उघडले, आणि बरोबर त्याच क्षणी हसू सुरू झालं.